पोरीला पाठवते

१

भरतला दिवा लावायला उठायचा कंटाळा आहे, असं आरती चारचौघांत सांगायची आणि त्यात तिचं फारसं चुकत नव्हतं. पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या जळालेल्या मोटारी आणि बिघडलेले स्टार्टर उघडून बसायचं आणि घरी आल्यावर स्वतःच्या घराच्या भिंती उघडायच्या, हा त्याचा परिपाठ. आधी त्यानं विहिरीवरची मोटार मोबाईलवर घेतली. ती तर आता सगळ्यांचीच असते. मग टाकी भरली की पंप आपोआप बंद. मग गोठ्यातला पंखा. मग देवघरातला दिवा. तो दिवा पहिल्यांदा आपला आपण लागला तेव्हा आरतीनं हात जोडले, ते देवाला की नवऱ्याला हे मात्र तिनं सांगितलं नाही.

ऑनलाइन मागवलेले काडेपेटीएवढे बोर्ड, वायरी आणि रिले यांनी स्वयंपाकघराची खिडकी भरून गेली होती. व्हिडिओ बघायचे, सोल्डर करायचं, जमलं नाही की उखडायचं आणि पुन्हा करायचं. "एखाद दिवशी भाजीत मोहरीऐवजी तुमचे स्क्रू पडतील," असं आरती म्हणायची.

पण या खटाटोपामागं एक कारण होतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आरोही त्यांची एकुलती लेक, चौथीतली. घर गावापासून लांब, मळ्यात. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला डांबरी सडकेपर्यंत गेलेली कच्ची वाट, तीही उसाच्या दोन वावरांमधून. शाळेची गाडी आरोहीला संध्याकाळी ओट्यापाशी सोडायची. आरती मंचरला धरमचंद शेठच्या कापडदुकानात कामाला, ती अंधार पडता पडता यायची. भरत तिच्याही नंतर. मधला वेळ पोर एकटी. आधी शेजारच्या मळ्यातल्या झुंबरबाई येऊन बसायच्या, पण दिवाळीच्या आधी बिबट्यानं त्यांच्या गोठ्यातलं वासरू उचललं आणि तेव्हापासून मुलगा त्यांना संध्याकाळचा बांध ओलांडू देईना.

म्हणून भरतनं घरालाच पोरीची राखण करायला लावलं. पडवीला लोखंडी जाळी होती, तिला त्यानं कुलूप बसवलं. आरोहीच्या गळ्यातलं कार्ड लावलं की उघडायचं आणि ती आत गेली की आपोआप लागायचं. वाटेवर खांब रोवून त्यांवर हालचालीनं लागणारे दिवे बसवले. माणूस असो, जनावर असो, अंगात ऊब असलेलं काहीही समोरून गेलं की दिवा लागणार. आणि शेवटी त्यानं घराला आवाज दिला.

ती कल्पना त्याला फार आवडली होती. वळचणीला एक बारीक माइक आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत स्पीकर. बाहेरून कुणा माणसानं हाक मारली की घरानं आतून आरतीच्या आवाजात ओ द्यायची. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, घरात मोठं माणूस आहे. आरती भाकरीचं पीठ मळत होती, तेव्हा त्यानं तिच्यापुढं मोबाईल धरला.

"काय बोलू?"

"कुनी हाक मारल्यावर नेहमी जे बोलतीस ते बोल."

आरतीनं हात न थांबवता, मान न वळवता बोलून टाकलं. "कोण हाय?" मग थोडं थांबून, "आले, आले." आणि मग, "हात गुंतल्यात वो, थांबा, पोरीला पाठवते." शेवटी तिची बांगडी परातीच्या काठाला लागून किणकिणली. भरतनं तो आवाजही ठेवला. त्यामुळं सगळं खरं वाटत होतं.

रविवारी दुपारी त्यानं झुंबरबाईंवर प्रयोग केला. त्या जाळीपाशी येऊन म्हणाल्या, "आरती, हायेस का गं?" घरानं ओ दिली. म्हातारी उभी राहिली, कंटाळली, ओट्यावर बसली. आरती आणि आरोही गोठ्याच्या आडून तोंडावर हात धरून हसत होत्या. शेवटी भरतनं बाहेर येऊन सगळं सांगितलं तेव्हा झुंबरबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"म्हातारीला उन्हात बशिवलंस व्हय रं, मेल्या!" मग त्या जरा गंभीर झाल्या. "पयल्याच हाकंला ओ देतंय का त्ये?"

"हां. लगेच."

"दिवेलागनीला पयल्या हाकंला ओ देऊ न्हाई, भरता. मानूस आसंल तर परत हाक मारतंयच की."

"मावशी, मशीन हाय ते. त्याला काय धरणारे?"

"त्याला न्हाई धरत," झुंबरबाई म्हणाल्या. "पर कुनाला पाठवते म्हनतंय त्ये?"

भरत हसला. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, एवढा बदल करणं म्हणजे एक आकडा बदलायचा होता. पण चोर काही तीनदा हाक मारत बसत नाही, असा त्यानं विचार केला आणि आकडा तसाच ठेवला.

२

काही दिवस मजेत गेले. घरानं कुणाला ओ दिली की भरतच्या मोबाईलवर टिंग वाजायचं आणि तेवढा वेळ माइकनं टिपलेला आवाज त्याला दुकानात बसून ऐकता यायचा. गॅसवाला, मतं मागायला आलेली पोरं, कुणाची तरी हरवलेली शेळी शोधणारा बाबा. सगळे 'बरं बरं' म्हणून थोडा वेळ थांबायचे आणि निघून जायचे. भरत हे आवाज गिऱ्हाइकांना ऐकवायचा आणि लोक पोट धरून हसायचे.

मग एका संध्याकाळी, दुकानाच्या पाटीवरचा दिवा लावत असताना टिंग वाजलं. त्यानं मोबाईल कानाला लावला. उसाची सळसळ ऐकू आली. मग आरतीचा आवाज, "कोण हाय?" मग, "आले, आले." मग ते तिसरं वाक्य आणि बांगडी. हाक मात्र कुठेच नव्हती.

सेटिंग चुकलं असणार. माणसाचा आवाज तेवढा ओळख, बाकी सोड, असं त्यानं बोर्डाला शिकवलं होतं. ट्रॅक्टर, कुत्रं, मोर यांना घर दाद देत नव्हतं. पण वाऱ्यावर पान पानाला घासलं आणि यंत्राला ते बोलल्यासारखं वाटलं, असं होऊ शकतं. त्यानं माइकभोवती फोमचा तुकडा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा टिंग वाजलं. त्यानं माइकचा कान थोडा जड केला. तिसऱ्या दिवशीही वाजलं. दिवसभर कितीही वारा सुटो, घर गप्प असायचं, आणि दिवेलागण झाली की हाक नसताना ओ द्यायचं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यानं इअरफोन लावून ते सगळे आवाज एकामागून एक ऐकले. त्याला हाक काही सापडली नाही. दुसरंच एक सापडलं आणि मग ते त्याच्या कानातून जाईना. प्रत्येक वेळी आरतीचा आवाज बोलायच्या आधी ऊस सळसळत असायचा. बोलत असतानाही सळसळायचा. बांगडी वाजली की गप्प व्हायचा. वारा पडतो तसा हळूहळू नाही, एकदम. रातकिडेसुद्धा थांबायचे. कुणीतरी सांगितलेलं नीट ऐकून घ्यावं आणि मग वाट बघत उभं राहावं, तशी ती शांतता होती.

योगायोग, असं तो मनाशी म्हणाला. पण त्या दिवशीचा आवाज त्यानं गिऱ्हाइकांना ऐकवला नाही.

३

शनिवारी तो जरा लवकर घरी आला. आरतीची स्कूटी अजून यायची होती. जाळीच्या आत, दाराला चिकटून आरोही बसली होती. तोंड धुतलेलं, केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेल्या, पायात चपला.

"कुठं निघाली गं स्वारी?" त्यानं विचारलं.

"कुठं न्हाई. तयार बसलीये."

"कशासाठी?"

आरोहीनं वडलांकडं असं बघितलं, जणू त्यांनाच काही कळत नाही. "मम्मी रोज म्हणती ना, पोरीला पाठवते. आन पाठवत तर कधीच न्हाई. ते बिचारे थांबून ऱ्हातात."

भरतला आधी हसू आलं. मग ते ओठांवरच राहिलं. "आरू, ते यंत्र हाय बाळा. आपणच केलं न्हाई का? मम्मी काय खरंच पाठवत न्हाई."

"तुमच्यासाठी यंत्र हाय. त्यांना कुठं माहितीये?"

"त्यांना म्हणजे कुणाला?"

 आरोही जाळीच्या भोकात बोट घालून फिरवत राहिली. ती खोटं बोलत असती तर त्याला कळलं असतं. ती आठवत होती.

"आधी लई लांबून हाक मारायचे," ती म्हणाली. "त्या शेवटच्या खांबापासनं. आता जवळ येऊन मारतात. पप्पा, तुमच्या मोबाईलमधी ऐकू येत न्हाई का?"

"कशी मारतात हाक? करून दाखव बरं."

आरोहीनं तोंड उघडलं. बराच वेळ उघडं ठेवलं. मग मिटलं.

"तसं मला जमत न्हाई," ती म्हणाली आणि चपला काढून आत पळाली.

भरत तिथंच उभा राहिला. लहान पोर, एकटं असतं, मनाचे खेळ खेळतं, हे त्याला पटत होतं. पोरीला एकटं ठेवल्याची शरमही वाटत होती. पण या सगळ्याच्या खाली एक भीती येऊन बसली होती आणि ती पटण्या-न पटण्याची वाट बघत नव्हती.

४

सोमवारी त्यानं दुपारीच दुकान बंद केलं. शाळेची गाडी आली तेव्हा तो ओट्यावर हजर होता. आरोहीला घेऊन तो पडवीत आला, जाळी लावली आणि हातात काठी आणि बॅटरी घेऊन खुर्चीवर बसला. यंत्र त्यानं मुद्दाम चालू ठेवलं. काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं आणि विषय संपवायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

ऊन उसाच्या तुऱ्यांवरून उतरलं. झुंबरबाईंच्या मळ्यातून जनावरांना हाकल्याचे आवाज आले आणि थांबले. देवघरातला दिवा आपला आपण लागला.

मग वाटेवरचा अगदी लांबचा, सडकेजवळचा दिवा लागला.

भरत उठून उभा राहिला. दिव्याखाली वाटेची माती स्वच्छ दिसत होती. चाकोरी, मधलं गवत, बाजूला पडलेला फुटका पाइप, सगळं दिसत होतं आणि त्यात कुणी नव्हतं. तो दिवा विझला आणि अलीकडचा लागला. त्याच्याखालीही कुणी नव्हतं.

बिबट्या, भरतनं मनात म्हटलं. उसाच्या कडेकडेनं चालत असणार. दिव्याला त्याची ऊब लागते, आपल्याला तो दिसत नाही. आणि त्याला खरोखर बरं वाटलं. बिबट्या असला तर काय करायचं ते या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो काठी आपटून ओरडला. डबा वाजवला. पुढचा दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. चाल बदलली नाही. घाबरलेलं जनावर पळतं किंवा थांबतं. हे सावकाश, बोलावल्या घरी यावं तसं येत होतं.

ओट्याच्या कोपऱ्यावरचा दिवा लागला. जाळीच्या पलीकडं ओटा आणि दोन पायऱ्या लख्ख दिसत होत्या. आरोहीचा हात त्याच्या हातात होता.

"आता मारतील," ती हळूच म्हणाली.

भरतनं श्वास धरला. कान नुसते उघडे ठेवले. काहीही ऐकू आलं नाही. हाक नाही, पाऊल नाही, श्वास नाही.

स्वयंपाकघरातून आरतीचा आवाज आला. "कोण हाय?"

तो यंत्राचा आवाज आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यानं मान वळवून मागं बघितलं. "आले, आले," घर म्हणालं. "हात गुंतल्यात वो, थांबा, पोरीला पाठवते." बांगडी वाजली. ऊस गप्प झाला. आणि आरोही उठली. शाळेत नाव पुकारल्यावर पोरं उठतात तशी, मुकाट्यानं. भरतनं तिला कमरेला धरून मागं ओढलं आणि तिच्यापुढं उभा राहिला.

समोर काही हललं नाही तर थोड्या वेळात दिवा विझायचा, असं त्यानंच ठरवून दिलं होतं. ओट्यावरचा दिवा विझेना. भरत त्या रिकाम्या ओट्याकडं बघत राहिला आणि दिवा जळत राहिला.

तेवढ्यात वाटेवर स्कूटी वाजली. आरती आली, गाडी लावली, हेल्मेट काढत पायऱ्या चढली आणि रागानं म्हणाली, "तुमाला काही कळतं का? बिबट्याचं एवढं चाललंय आन पोरीला भायेर ओट्यावर बसवता? आन तुमी आत?"

"कुणाला?"

"कुणाला काय? आरूला. इथं तर बसली व्हती, पाठमोरी. मी वाटेवरनं बघितलं की. कुठं गेली?"

भरतच्या मागून आरोहीनं डोकं काढलं. "मी इथं हाय, मम्मी."

आरतीनं आधी पोरीकडं बघितलं. मग तिनं ओट्याकडं बघितलं आणि दार उघडायची वाट न बघता जाळीवर हात मारायला लागली.

५

त्याच संध्याकाळी भरतनं सगळं उखडलं. माइक, स्पीकर, बोर्ड, जाळीचं कुलूप, वायरी, भिंतीचा गिलावा निघाला तरी त्यानं पर्वा केली नाही. बोर्ड आणि स्पीकर दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन खणात टाकले आणि खणाला किल्ली लावली. वाटेवरचे दिवे तेवढे राहू दिले, कारण बिबट्या खराच होता. जाळीला त्यानं साधी लोखंडी कडी बसवली, वरच्या अंगाला, आरोहीचा हात पोचणार नाही इतकी उंच.

"आपण राजुरीला जाऊ थोडे दिवस," तो आरतीला म्हणाला. राजुरीला तिचं माहेर, भर गावात, शेजाऱ्याला शेजारी लागून.

"शाळा? आन दुकान?" आरती म्हणाली. एका रात्रीत ती बरीच सावरली होती. ओट्यावर पोतं असेल, अंधुक उजेडात वाटलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. ओट्यावर पोतं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. "शेठना सांगून मी संध्याकाळची लवकर येत जाईन. दिवाळीची गिऱ्हाइकी संपली, ते काय न्हाई म्हणायचे न्हाईत. तुमी फक्त ते यंत्र परत लावू नका. घरात माणूस असलं की झालं."

घरात माणूस असलं की झालं. भरतला ते इतकं पटलं की त्यानं पुढं वाद घातला नाही. खरं तर वाद घालायला हवा होता.

पुढचे काही दिवस शांत गेले. दिवेलागणीला तिघंही घरात असायची. वाटेवरचे दिवे लागत नव्हते. आरोही चपला घालून बसत नव्हती. एकदा झुंबरबाईंचा मुलगा गाईचं दूध घेऊन आला, त्यानं जाळीपाशी येऊन दोनदा हाक मारली आणि भरतनं स्वतः उठून दार उघडलं, तेव्हा त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. आपण उगीच भ्यालो असं वाटण्याइतका तो सुखी झाला.

त्या संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत मिक्सर उघडून बसला होता. शेजारी सतरंजीवर आरोही पालथी पडून पाढे लिहीत होती आणि पाय हलवत होती. स्वयंपाकघरात आरती भाकरीचं पीठ मळत होती. शेगडीवर वांगी भाजल्याचा वास घरभर होता. भरतनं कार्बन ब्रश पुसला आणि उजेडात धरला.

"कोण हाय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

कुणी आलं वाटतं, असं त्याच्या मनात आलं. मग लक्षात आलं की कुणी हाक मारली नव्हती.

"आले, आले."

त्यानं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आरती पाठमोरी उभी होती, दोन्ही हात परातीत. खांदे मळण्याच्या ठेक्यात हलत होते. तिला थांब म्हणायला त्यानं तोंड उघडलं. तोवर पुढचं वाक्य आलंच.

"हात गुंतल्यात वो, थांबा, पोरीला पाठवते."

बांगडी किणकिणली. बाहेर ऊस गप्प झाला.

भरत वळला. सतरंजीवर वही उघडी होती आणि पेन्सिल अजून घरंगळत होती. पडवीतल्या चपला नव्हत्या. वरची कडी निघालेली होती आणि जाळी सताड उघडी होती.

ओट्यावरचा दिवा लागलेला होता. तो विझायच्या आत त्याच्या पलीकडचा लागला. मग त्याच्या पलीकडचा. दिवे आता घराकडून लांब लांब लागत चालले होते, त्याच सावकाश चालीनं, आणि त्यांच्या खालच्या मातीत कुणी दिसत नव्हतं. भरत धावला. तो जिवाच्या आकांतानं धावत होता आणि दिवे चालत होते, तरी प्रत्येक दिवा तो पोचायच्या आधी लागत होता. "आरू! आरू!" शेवटच्या दिव्याखाली वाट रिकामी होती. तो उसात घुसला. पानांनी तोंड, हात, मान फाडली. तो किती वेळ आत होता कुणास ठाऊक. बाहेर आला तेव्हा आरती पिठाच्या हातांनी वाटेवर उभी होती.

"कुठं गेली? अहो, आरू कुठं गेली?"

"तू पाठवलीस ना," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तू म्हणालीस की, पोरीला पाठवते."



"मी?" ती म्हणाली. "मी तोंडसुद्धा उघडलं न्हाई. मला वाटलं, तुमी ते यंत्र परत लावलं."

६

सगळं करून झालं. गाव रात्रभर उसात फिरला. वनखात्याची माणसं आली, पिंजरे लावले, वरून ड्रोन फिरवला. पोलिसांनी दोघांना वेगवेगळं बसवून तेच तेच विचारलं. बिबट्या, असं सगळ्यांनी शेवटी ठरवलं, कारण काहीतरी ठरवायला हवं होतं. पण चपला सापडल्या नाहीत, कापडाची चिंधी सापडली नाही, मातीत ओढल्याची खूण नव्हती. लोकांनी दया येऊन भरतचा ऊस कारखान्याचा नंबर यायच्या आधीच तोडून दिला. वावर थेट पलीकडच्या बांधापर्यंत मोकळं झालं. त्यात पाचटाशिवाय काही नव्हतं.

आरती राजुरीला गेली ती परत आली नाही. भरत तिला न्यायला गेला होता, तेव्हा त्यानं बरोबर दुकानातला तो खणच उपसून नेला. धूळ बसलेला बोर्ड, स्पीकर, गुंडाळलेल्या वायरी त्यानं तिच्यापुढं मांडल्या. "बघ, इथंच व्हतं सगळं. मी न्हाई लावलं."

तिनं हातसुद्धा लावला नाही. "दुसरं आसंल तुमच्याकडं," ती म्हणाली. "तुमच्याकडं दुसरं असतंच." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. तिला दुसरं काही मानता येत नव्हतं, हे भरतला कळत होतं. एक तर त्यानं यंत्र लावलं होतं किंवा ती स्वतः बोलली होती. तिसरं काही असलं तर ते दोघांपैकी कुणालाच सोसणार नव्हतं.

एका सकाळी झुंबरबाई काठी टेकत आल्या. ओट्यावर बसल्या. मी तुला म्हटलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या आणि ऊन चढायच्या आत निघून गेल्या.

आता भरत दिवेलागणीला घरी असतो. देवघरातला दिवा काडी ओढून हातानं लावतो. मग ओट्यावर येतो आणि मोकळ्या वावराकडं तोंड करून हाक मारतो.

"आरू."

एकदाच मारतो. सुरुवातीला तो घसा फुटेपर्यंत ओरडायचा आणि कुणी ओ देत नव्हतं. मग एका संध्याकाळी रडून रडून आवाज बसला होता म्हणून एकच हाक मारून थांबला, तेव्हा त्याला कळलं. दुसरी मारायची नाही.

आजही त्यानं एकदा हाक मारली आणि कान लावला. वाटेवरचे दिवे अंधारात उभे होते. वारा नव्हता. समोर तोडलेल्या उसाचे बुडखे आणि पाचट, लपायला ससाभर जागा नाही.

"कोण हाय?" वावरातून आवाज आला. आवाज आरतीचा होता. मग थोडं थांबून, "आले, आले." भरतनं दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"हात गुंतल्यात वो, थांबा, पोरीला पाठवते."

बांगडी परातीच्या काठाला लागून किणकिणली. मग सगळीकडं गप्प झालं. लांबचा दिवा कधी लागतोय ते बघत भरत बसून राहिला. त्याला थांबायला सांगितलं होतं.